वाऱ्याच्या माथी खापर

इंग्रजी कायद्यात ‘ॲक्ट ऑफ गॉड’ नावाची एक सबब आहे. तिला आपण ‘दैवी आपत्ती’ म्हणतो. जे आधी ओळखणे अशक्य आणि ओळखले तरी टाळणे अशक्य, अशा घटनेचा बोजा कोणा माणसावर टाकू नये, एवढाच तिचा मर्यादित अर्थ. परंतु हल्ली डोंगर पेटला, गाव जळाले, की चौकशी सुरू होण्यापूर्वीच निकाल ऐकू येतो: वाराच तसा सुटला होता, देवाची करणी! या निकालाला आमचा विरोध आहे, आणि तो नास्तिकाचा विरोध नव्हे. ज्याची देवावर श्रद्धा आहे, त्याने तरी देवाला निष्कारण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

अमरकोशात अग्नीच्या नावांमध्ये ‘वायुसख’ हे एक नाव आहे. ही मैत्री पुरातन आहे हे खरे; पण सखा म्हणजे जन्मदाता नव्हे. वारा ठिणगी फुलवतो, पसरवतो. ती पाडतो कोण, हा प्रश्न उरतोच. आकाशातून वीज पडून लागणाऱ्या वणव्याची गोष्ट निराळी.

दक्षिण कॅलिफोर्नियातील ‘सांता आना’ वाऱ्याचेच उदाहरण घ्या. अंतर्भागातील उंच, कोरड्या प्रदेशावरची हवा डोंगरांतील खिंडींतून समुद्राकडे उतरते. उतरताना दाबली जाऊन दर हजार मीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने तापते आणि झाडापाल्यातला ओलावा शोषून घेते. ७ जानेवारी २०२५ रोजी हा वारा लॉस एंजेलिसवर कोसळला तेव्हा त्या शहरात मागच्या मे महिन्यापासून अर्धा सेंटिमीटरही पाऊस झाला नव्हता. विमानांनी वरून पाणी टाकावे, तर रात्री वाऱ्यामुळे विमानेच उडेनात. निखारे रस्ते ओलांडून पुढच्या घरांवर पडत होते. लोक अडकलेल्या मोटारी तशाच टाकून पायी पळाले. १६ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. हे वर्णन वाचून कोणाचेही हात आपोआप जोडले जातील. पण हवामान खात्याने त्या वाऱ्याचा इशारा काही दिवस आधीच, नेहमीपेक्षा कडक शब्दांत दिला होता! मग ‘आधी ओळखणे अशक्य’ ही पहिली अट तिथेच गळून पडत नाही काय?

दुसऱ्या अटीची परीक्षा त्याच राज्याच्या उत्तर भागात आधीच झाली होती. तिथे पॅराडाइज, म्हणजे स्वर्ग, या नावाचे गाव होते. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटेच्या वाऱ्यात पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या उच्चदाब वाहिनीवरचा एक लोखंडी आकडा तुटला, तार मनोऱ्याला लागली आणि खाली गवत पेटले. ८५ माणसे मेली. तो आकडा जवळजवळ शंभर वर्षे झुलून झुलून झिजलेला होता. वारा येणार हे कंपनीला ठाऊक होते. वीज बंद करावी लागेल असे तिने ग्राहकांना दोन दिवस आधी कळवलेही होते. वीज बंद झाली नाही. आणि ही वाहिनी तर त्या योजनेत धरलेलीच नव्हती! जून २०२० मध्ये कंपनीने ८४ सदोष मनुष्यवधांचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. नुकसानभरपाई निराळी, पण शिक्षा म्हणून दंड झाला तो सुमारे ३५ लक्ष डॉलरचा. कंपनीला तुरुंगात कसे घालणार? तरी एक गोष्ट त्या कबुलीने कायमची नोंदली गेली, की तो वध वाऱ्याने केला नव्हता.

कोलोरॅडोत ३० डिसेंबर २०२१ रोजी हजाराहून अधिक घरे जळाली. तिथल्या तपासात आगीची दोन उगमस्थाने निघाली: एक सुटलेली वीजतार, आणि दुसरे सहा दिवसांपूर्वी जाळून मातीखाली पुरलेला कचरा. वरून राख, आत विस्तव! गुन्हा मात्र कोणावरही दाखल झाला नाही.

आपला कायदा या बाबतीत मुका नाही. घातक उद्योगाला दैवी आपत्तीची सबब चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ठरवले. रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने माणूस मेला, तर हयगय सिद्ध झाली नाही तरी वीजमंडळ जबाबदार, असे २००२ मध्ये सांगितले. वन्यजीव संरक्षण कायद्याचे ३० वे कलम तर अभयारण्यात आग लावणाऱ्याइतकेच, धोका होईल अशा रीतीने विस्तव जळता सोडून जाणाऱ्यालाही मनाई करते. असे असून मार्च २०२३ मध्ये सत्तरीत म्हादईचे अभयारण्य पेटले, नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतू लागली, तेव्हा आपल्या ओसरीवर चर्चा कशाची? उन्हाची आणि वाऱ्याची!

सरकारला जाब विचारूच. पण देवस्थानांच्याही डोंगरउताराच्या जमिनी आहेत, त्यांवर काजू आहे, आणि काजू पडू लागण्यापूर्वी झाडाखालचा पाला जाळण्याची रीत आहे. महाजनांच्या पुढील सभेपुढे ठेवण्यासाठी भाडेपट्ट्यातले एक कलम इथे देतो: ‘वारा असेल त्या दिवशी पट्टेदाराने पाला जाळू नये, इतर दिवशी जाळल्यास राख हाताला थंड लागेपर्यंत जागेवर माणूस ठेवावा, आणि आग पसरून नुकसान झाल्यास वाऱ्याची अथवा दैवी आपत्तीची सबब ऐकली जाणार नाही.’