भिलाईचा रूळ आणि चीनचा वेग

चीनच्या वेगाचे दिल्लीला आकर्षण आहे आणि तेवढीच धास्तीही. बुलेट ट्रेनचे समर्थन करताना सत्ताधारी चीनचा दाखला देतात आणि तिच्यावर टीका करताना विरोधक तोच दाखला उलटा वाचतात. ऑगस्ट २००८ मध्ये बीजिंग-तियानजिन मार्गावर ताशी ३५० किलोमीटर वेगाची गाडी सुरू झाली आणि २०२४ अखेर चीनमधील अतिवेगवान रेल्वेचे जाळे सुमारे ४८ हजार किलोमीटरवर पोहोचले, एवढे दोन आकडे सांगितले की भाषण रंगते. हा वेग ज्या प्रयोगशाळांतून आणि चाचणीमार्गांवरून आला, त्यांचा उल्लेख मात्र दोन्ही बाकांवरून क्वचितच होतो. तो का व्हायला हवा, हे समजून घेण्यासाठी बीजिंगला जाण्याची गरज नाही. नागपूरहून गाडीने भिलाईला गेले तरी पुरेसे आहे.

सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. विदर्भातून गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या या कारखान्याच्या वसाहतीत वाढल्या. भारतीय रेल्वे अनेक दशके प्रामुख्याने भिलाईच्याच रुळांवर धावली. पूर्वी १३ मीटर लांबीचा तुकडा हा प्रचलित रूळ होता. २०१७ मध्ये सुरू झालेल्या नव्या रूळ गिरणीत १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघू लागला आणि असे दोन रूळ जोडून २६० मीटरची पट्टी रेल्वेला पाठविली जाते. चीनमधील गिरण्या अतिवेगवान मार्गांसाठी साधारणतः १०० मीटरचे रूळ तयार करतात. केवळ लांबीचा विचार केला तर भिलाई मागे नाही.

तरीही मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या मार्गासाठी रूळ जपानहून आले. ते जपानी प्रमाणकाचे असून त्यांची लांबी अवघी २५ मीटर आहे. ते येथे जोडून २०० मीटरच्या पट्ट्या केल्या जातात. १३० मीटरचा रूळ तयार करणाऱ्या देशाने २५ मीटरचा रूळ समुद्रमार्गे आणावा, ही विसंगती वरवर हास्यास्पद वाटते. पण तिच्यामागे कारण आहे. प्रकल्पाला जपानचे कर्ज आहे, तंत्रज्ञान जपानचे आहे आणि ताशी ३२० किलोमीटर वेगाला तो रूळ अनेक वर्षे प्रत्यक्ष वापरात तपासला गेला आहे. प्रवाशांच्या जिवाशी संबंधित बाबतीत सिद्ध झालेली वस्तू घेणे चूक म्हणता येणार नाही. चूक वेगळी आहे. भिलाईच्या रुळाला अशा वेगावर स्वतःला सिद्ध करण्याची जागाच या देशाने दिली नाही.

चाचणीचे मोल भिलाईला आणि रेल्वेला नवे नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये पंजाबातील खन्ना येथे तुटलेल्या रुळामुळे झालेल्या अपघातात दोनशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या काळात रुळाच्या पोलादातील हायड्रोजनच्या प्रमाणाचा प्रश्न ऐरणीवर आला. वितळलेल्या पोलादात राहिलेला हायड्रोजन थंड होताना आत सूक्ष्म भेगा पाडतो. या भेगा डोळ्यांना दिसत नाहीत आणि गाड्यांच्या भाराने वाढत जातात. हायड्रोजनची मर्यादा दहा लाख भागांत १.६ भाग इतकी कडक झाली आणि भिलाईने पोलादातील वायू निर्वात पात्रात काढून टाकण्याची यंत्रणा उभारली. ग्राहकाने कठोर कसोटी लावली तेव्हा कारखाना तिला उतरला, हा या घटनाक्रमाचा धडा आहे.

चीनने हाच धडा राष्ट्रीय धोरण म्हणून गिरवला. बीजिंगच्या पूर्वेकडील वर्तुळाकार चाचणीमार्ग १९५८ चा, म्हणजे भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीहून जुना. २००४ पासून जपानी व युरोपीय कंपन्यांकडून गाड्या घेताना चीनने तंत्रज्ञान हस्तांतराची अट घातली. ते पचविता आले, कारण तपासणारी माणसे आणि यंत्रे आधीच हाताशी होती. विमान आणि रेल्वे यांच्यातील भिंतही तेथे पातळ आहे. बीजिंगमध्ये २०१२ मध्ये पूर्ण झालेला जेएफ-१२ हा विंड टनेल ध्वनीच्या पाच ते नऊ पट वेगाच्या उड्डाणाची परिस्थिती निर्माण करतो. त्याच देशातील क्षेपणास्त्रे बनविणारे एक सरकारी महामंडळ शांक्सी प्रांतातील दातोंग येथे कमी दाबाच्या दोन किलोमीटर लांब नळीत चुंबकीय गाडीच्या चाचण्या घेते.

अर्थात चीनचे सर्वच अनुकरणीय नाही. जुलै २०११ मध्ये वेन्झोऊजवळ दोन गाड्यांची टक्कर होऊन ४० जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी रेल्वेमंत्री लिउ चिजुन यांना भ्रष्टाचाराच्या आरोपावरून पदावरून जावे लागले. घाईची किंमत तेथील प्रवाशांनीही मोजली आहे. अपघातानंतर वेग कमी करण्यात आला आणि कित्येक वर्षे तो पूर्ववत झाला नाही.

भारताने काहीच केले नाही, असेही नाही. डिसेंबर २०२० मध्ये हैदराबादेत संरक्षण संशोधन संस्थेचा अतिध्वनिवेगी विंड टनेल कार्यान्वित झाला. राजस्थानात सांभर सरोवराच्या परिसरात ताशी २२० किलोमीटरपर्यंतच्या चाचणीसाठी सुमारे ६० किलोमीटरचा स्वतंत्र मार्ग हाती घेण्यात आला. २०२४ मध्ये ताशी २८० किलोमीटर वेगाच्या दोन स्वदेशी गाड्यांचे कंत्राट ‘बीईएमएल’ला मिळाले. परंतु गाडी २८० ची आणि चाचणीमार्ग २२० चा, हे गणित जुळत नाही. शिवाय पोलाद मंत्रालय, रेल्वे मंत्रालय आणि संरक्षण संशोधन यांची दालने दिल्लीत जवळजवळ असली तरी फायलींचे अंतर मोठे आहे.

येथे संसदेची जबाबदारी येते. २०१७ मध्ये स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्पाची ९२ वर्षांची प्रथा संपली आणि रेल्वेवर सविस्तर चर्चेचा एक हक्काचा प्रसंग आक्रसला. उरलेल्या वेळात खासदार आपापल्या मतदारसंघासाठी थांबे आणि नव्या गाड्या मागतात. ती मागणी गैर नाही. पण अतिवेगवान मार्गाच्या पुढील टप्प्यासाठी भारतीय रुळाची कसोटी कोण, कोठे आणि कधी घेणार, हा प्रश्न स्थायी समितीने एकदा तरी तीनही खात्यांना एकत्र बसवून विचारायला हवा. भिलाईत गिरणी आहे, २०१६ पासून आयआयटीही आहे, रांचीत पोलाद प्राधिकरणाचे संशोधन केंद्र आहे आणि लखनौत रेल्वेची मानक संघटना आहे. त्यांना एका सूत्रात बांधणारा निर्णय तेवढा दिल्लीत अडला आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या नागपूर-बिलासपूर वंदे भारतला सुमारे ४१० किलोमीटरसाठी साडेपाच तासांचा वेळ देण्यात आला. ती दुर्गला थांबून भिलाईवरूनच पुढे जाते. ज्या गावाने देशाला रूळ दिला, त्या गावाच्या वाट्याला आलेला हा वेग आहे. तो वाढवायचा असेल, तर चीनचे किलोमीटर मोजणे थांबवून आपल्या कसोट्या मोजायला लागावे लागेल.