मांडवात बोलणारी मुलगी

कमठाण्याहून आमच्या एका जुन्या वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची धाकटी मुलगी कलबुर्गीच्या विद्यापीठात शिकते. तिच्या वर्गातील चार मुलामुलींनी बेत केला आहे, की सुट्टीत प्रत्येकाने आपापल्या गावी एक जाहीर भाषण करावयाचे. या मुलीने गणपतीच्या मांडवातील एक संध्याकाळ मागून घेतली असून विषय निवडला आहे हुंड्याचा. भगिनी लिहितात, 'मुलगी बोलते चांगली. भीती तिच्या बोलण्याची नाही. तीन वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या भावाचे लग्न झाले, तेव्हा आम्ही काय घेतले हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मांडवात कोणी उठून विचारले तर ती काय सांगणार? तिला थांबवावे काय?' घरातील आजोबांचे म्हणणे आणखी वेगळे आहे. मुलीने चारचौघांत उभे राहून लोकांना शहाणपण शिकवू नये, असे त्यांना वाटते.

पत्र वाचून आम्ही दोन दिवस स्वस्थ बसलो, कारण प्रश्न सोपा नाही. परोपदेशे पांडित्य आपल्या समाजाला पुरेसे माहीत आहे, आणि घरात एक व मांडवात दुसरे अशा वक्त्यांना श्रोते हसतात, ते काही अगदीच अन्याय करतात असे नव्हे.

विद्यार्थ्यांनी समाजापुढे उभे राहून बोलावे, ही आपल्याकडे काही आजची टूम नाही. १८४८ साली मुंबईस एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची व तेथून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांची सभा प्रोफेसर पॅटन यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. इंग्रजीतील निबंध घरच्या माणसांपर्यंत पोहोचत नाहीत, हे ध्यानी येऊन तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते. स्त्रीशिक्षणावर निबंध वाचले गेले, टाळ्या पडल्या. परंतु ही मंडळी टाळ्यांवर थांबली नाहीत. १८४९ साली त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि त्यांत शिकविण्याचे काम स्वतः विनावेतन पत्करले. मुली मिळविण्यासाठी दादाभाई नौरोजींसारखे तरुण घरोघर हिंडले. काही संतप्त बापांनी त्यांना जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी दिली. पुण्यास १८४८ मध्येच जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली होती. जोतीराव एकवीस वर्षांचे, सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. त्यांच्या वाट्याला काय आले हे वाचकांना सांगावयास नको.

ही झाली बोलण्याप्रमाणे वागणाऱ्यांची गोष्ट. भगिनींच्या घरची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिला जवळचे उदाहरण न्यायमूर्ती रानड्यांचे आहे. विद्यार्थिदशेतच त्यांनी ज्ञानप्रसारक सभेपुढे सुशिक्षित तरुणांच्या कर्तव्यांवर निबंध वाचला होता. पुढे विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्यांत त्यांचे नाव घेतले जाऊ लागले. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. रानडे एकतीस वर्षांचे होते. आता हे गृहस्थ विधवेशीच विवाह करणार असे साऱ्यांनी धरले होते. वडिलांनीही तेच धरले आणि घाईने अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न लावून दिले. वडिलांचा शब्द रानड्यांच्याने मोडवला नाही. सनातन्यांनी त्यांची थट्टा केली, सुधारकांनी त्यांना दोष दिला. चूक झाली, असे म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

पण त्यांनी बोलणे सोडले नाही. ज्या मुलीशी लग्न झाले, तिला अक्षर येत नव्हते. घरातील बायकांचा रोष सोसून त्यांनी तिला शिकविले. त्याच रमाबाई पुढे सभांतून भाषणे करू लागल्या आणि १९०९ साली पुण्याच्या सेवासदनाच्या संस्थापक झाल्या. १८८७ साली सामाजिक परिषद सुरू झाली, तिचा भार रानड्यांनी अखेरपर्यंत वाहिला. समोर बसलेल्यांना १८७३ सालची आठवण नव्हती असे थोडेच आहे? ती ठेवूनच लोक ऐकत होते. आणि आपल्या या मुलीने तर चूकही केलेली नाही. निर्णय वडीलधाऱ्यांचा होता, तेव्हा तिला कोणी विचारलेही नसेल.

आता आजोबांविषयी. त्यांच्या वडिलांच्या काळी कमठाणा निजामाच्या राज्यात होते, आणि 'गश्ती निशाण ५३' या फर्मानान्वये सभा भरवावयाची तर आधी सरकारची परवानगी काढावी लागे. १९३८ साली औरंगाबाद व हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट सोडला नाही म्हणून त्यांची नावे काढून टाकण्यात आली; पुष्कळांनी नागपूर विद्यापीठात जाऊन शिक्षण पुरे केले. चारचौघांत बोलण्याची मोकळीक या मुलखाला १९४८ च्या सप्टेंबरनंतर मिळाली. आजोबांना हे आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. शिवाय बसवकल्याण आपल्याच जिल्ह्यात आहे. बाराव्या शतकात तेथील अनुभवमंटपात नाना जातींची, नाना धंद्यांची माणसे बोलत असत आणि त्यांत स्त्रियाही होत्या.

तेव्हा तिला थांबवू नये. मराठी, कन्नड, दख्खनी, जी भाषा समोरच्याला कळेल ती तिने मोकळेपणी वापरावी. आपल्या गावांत तिन्ही एका ओसरीवर नांदतात. १९६१ च्या कायद्याने हुंडा घेणे जसा गुन्हा आहे तसा देणेही आहे, हेही तिने सांगावे, कारण पुष्कळांना त्यातील अर्धेच ठाऊक असते. आणि भावाच्या लग्नाचे कोणी विचारण्याची वाट न पाहता तिने आरंभीच म्हणावे, की आमच्या घरी घेतला. हे जड जाईल. आईवडिलांना अधिक जड जाईल.

मात्र एक गोष्ट पत्रात कोठेच नाही, आणि तीच आम्हांस अधिक खुपली. मुलीचे, भावाचे, आजोबांचे, गावाचे सारे आले. सूनबाईंचे काहीच आले नाही. ज्या बापाने ती रक्कम उभी केली, त्याची ती मुलगी. त्या संध्याकाळी मांडवात तीही बसणार आहे. आमची विनंती एवढीच, की भाषणाचा कागद प्रथम वहिनीला वाचून दाखवावा, तोही ती पोळ्या लाटत असताना नव्हे, तर निवांत बसवून. तिने एखादे वाक्य गाळावयास सांगितले तर ते गाळावे. एखादे घालावयास सांगितले, तर तेही घालावे.