शोध लागतो की लावावा लागतो?

परवा जेवण झाल्यावर ऑफिसखालच्या टपरीवर चहा पिता पिता वाद रंगला. एक मित्र म्हणाला, "सगळे मोठे शोध अपघातानेच लागलेत यार. फ्लेमिंगच्या बशीत बुरशी पडली आणि पेनिसिलिन मिळालं. आपण उगाच रात्री जागून घासतोय." त्यावर दुसरा शांतपणे म्हणाला, "तुझ्या डब्यातल्या पावालाही दर सोमवारी बुरशी येते. नोबेल कधी मिळतंय तुला?"

सगळे हसले, चहा संपला, आम्ही वर आलो. पण विषय डोक्यातून जाईना. एक तर मला या बाबतीत एक जुनी गोष्ट खुपते आहे. ती शेवटी सांगतो.

आधी एक गंमत बघा. मराठीत शोध 'लागतो' पण आणि शोध 'लावता' पण येतो. लागतो म्हटलं की कर्ता गायब. ठेच लागते, भूक लागते, तसा शोध लागतो. लावला म्हटलं की मागे कोणीतरी घाम गाळणारा माणूस उभा राहतो. आणि तिसरा वाक्प्रचार आहे, शोध 'घेणे'. यात सापडेलच याची खात्री नाही, फक्त शोधणं आहे. टपरीवरचा वाद पहिल्या दोघांत चालला होता. मला वाटतं, खरी गंमत तिसऱ्यात आहे.

उदाहरण म्हणून माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो. फ्लेमिंगपेक्षा ही आपल्या धंद्याच्या जास्त जवळची आहे, कारण ही मुळात एक डीबगिंगची गोष्ट आहे.

१९६४ साल. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये होल्मडेल नावाच्या गावी बेल लॅब्जचा एक प्रचंड कर्ण्यासारखा अँटेना होता. एको नावाच्या फुग्यासारख्या उपग्रहावरून परतणारे क्षीण संदेश पकडायला तो बांधला होता. ते काम झाल्यावर आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन या दोघांना तो खगोलशास्त्रासाठी वापरायला मिळाला. त्यांना आपल्या आकाशगंगेभोवतीच्या वलयातून येणारे रेडिओतरंग मोजायचे होते. त्याआधी यंत्र नीट चालतंय ना हे तपासायला त्यांनी ७.३५ सेंटीमीटर तरंगलांबीवर मोजमाप घेतलं. तिथे आकाशातून जवळजवळ काहीच येऊ नये अशी अपेक्षा होती. आपल्या भाषेत सांगायचं तर ही एक टेस्ट केस होती, एक्स्पेक्टेड रिझल्ट शून्य.

आलं मात्र सुमारे ३.५ केल्विन. (रेडिओवाले खरखर तापमानात मोजतात.) अँटेना कुठल्याही दिशेला वळवा, दिवस असो की रात्र, उन्हाळा असो की हिवाळा, ती खरखर तेवढीच.

मग सुरू झालं खास आपल्या ओळखीचं काम. न्यूयॉर्क शहराचा गोंगाट आहे का? अँटेना तिकडे वळवून पाहिला. नाही. अँटेनाच्या पत्र्यांचे जोड सैल आहेत का? रिव्हेटच्या जागांवर अ‍ॅल्युमिनियमची टेप चिकटवली. नाही. १९६२ साली अमेरिकेने अवकाशात केलेल्या अणुस्फोटाचा परिणाम म्हणावा, तर तो काळानुसार कमी व्हायला हवा. होत नव्हता. आणि कर्ण्याच्या आत संसार थाटलेली कबुतरांची एक जोडी! ती पकडून बेल लॅब्जच्या दुसऱ्या ठिकाणी पाठवली, पण कबुतरंच ती, परत आली. शेवटी त्यांना मारावं लागलं. त्यांची घाण घासून काढली. खरखर जवळजवळ होती तेवढीच.

याच काळात तिथून जेमतेम ५० किलोमीटरवर प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी आणि त्याचे सहकारी नेमकी हीच खरखर पकडण्यासाठी मुद्दाम यंत्र बांधत होते. विश्वाची सुरुवात अतिउष्ण असेल तर त्या उष्णतेचा थंड झालेला अवशेष आजही सगळीकडून येत असला पाहिजे, हा त्यांचा हिशेब. १९६५ साली पेन्झियसने दुसऱ्याच कामासाठी बर्नार्ड बर्क नावाच्या शास्त्रज्ञाशी फोनवर बोलताना आपलं रडगाणं गायलं, तेव्हा बर्कने त्याला प्रिन्स्टनच्या जिम पीबल्सच्या कामाबद्दल सांगितलं. पेन्झियसने डिकीला फोन लावला. फोन ठेवताना डिकीला कळून चुकलं की आपण मागे पडलो. त्या वर्षी दोन्ही गटांचे निबंध एकाच अंकात लागोपाठ छापून आले. नोबेल १९७८ साली पेन्झियस आणि विल्सनला मिळालं.

बघा, इथे टपरीवरचा पहिला मित्र जिंकला असं वाटतं. जे शोधत होते त्यांना नाही मिळालं, जे शोधत नव्हते त्यांना मिळालं. आंधळा मागतो एक डोळा, वगैरे.

पण थांबा. तोच अँटेना, तीच जागा, १९६१ साल. एको प्रकल्पासाठी एड ओम नावाच्या इंजिनियरने याच अँटेनाच्या सगळ्या खरखरीचा हिशेब मांडला होता. मोजलेली २२.२ केल्विन, वेगवेगळ्या ज्ञात कारणांची बेरीज १८.९. म्हणजे ३.३ जास्त! पण चुकीची शक्यता धरलेली मर्यादा साधारण तेवढीच होती. फरक त्या मर्यादेत बसला आणि तिथेच राहिला. ओमचं काही चुकलं असं नाही. त्याला संदेशवहन चालतंय का हे बघायचं होतं, आणि ते चालत होतं.

म्हणजे 'अपघात' आधीच होऊन गेला होता. मग १९६४ मध्ये वेगळं काय होतं? पेन्झियसने द्रवरूप हेलियमने गार केलेला एक स्रोत खास बांधला होता, ज्याचं तापमान नक्की ठाऊक होतं. आकाशाची तुलना थेट त्याच्याशी. त्यामुळे "असेल काहीतरी चूक" म्हणायची सोयच उरली नव्हती. हा अपघात नाही, ही तयारी आहे. आणि या आलटून पालटून तुलना करण्याच्या तंत्राचा जनक कोण, तर डिकीच! याच डिकीने १९४६ साली मोजून सांगितलं होतं की असं अवकाशी प्रारण असलंच तर ते २० केल्विनपेक्षा कमी आहे. पुढे तो स्वतःच ते विसरून गेला होता.

आणि प्रिन्स्टनवाले हरले असं तरी कसं म्हणायचं? त्यांच्याशिवाय ती खरखर एक न सुटलेला बग म्हणून पडून राहिली असती. त्यांनी तिचा अर्थ सांगितला, आणि काही महिन्यांत वेगळ्या तरंगलांबीवर मोजून साधारण तेवढंच तापमान दाखवलं. पीबल्सला २०१९ मध्ये नोबेल मिळालंही. पेनिसिलिनचंही तसंच. फ्लेमिंगची बशी १९२८ ची, पण त्याचं औषध झालं ते ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी १९३९ पासून केलेल्या हमालीमुळे.

थोडक्यात, योगायोग फुकट असतो आणि सगळ्यांना वाटला जातो. लहानपणी चॅनेल लागलं नाही की टीव्हीवर ज्या मुंग्या दिसायच्या, त्यांतही थोडासा वाटा त्याच आद्य प्रारणाचा होता. आपण सगळ्यांनी बिग बँग पाहिला, आणि अँटेना हलवायला भावाला गच्चीवर पाठवलं!

आता ती खुपणारी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टवर मी टीम लीड होतो. रोज रात्री दोन सिस्टिम्सच्या व्यवहारांची बेरीज जुळवणारा एक जॉब होता. बेरीज कधी १२ रुपयांनी चुकायची, कधी ४० नी. लाखभर नोंदींत हे राउंडिंग असणार म्हणून मी १०० रुपयांपर्यंतचा फरक चालेल असं ठरवून टाकलं. लाल दिवा हिरवा झाला. सगळे खूश.

टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलाने विचारलं, "सर, राउंडिंग असेल तर कधी प्लस, कधी माइनस यायला हवं ना? आपलं नेहमी माइनसच येतं."

मी म्हटलं, आधी तुझी टास्क संपव. त्याने टास्क रखडवून चार दिवस त्यात घातले आणि सापडलं. दिवसाची मर्यादा २३:५९:५९ अशी लिहिली होती. त्यानंतरच्या सेकंदभरातल्या नोंदी ना आजच्या दिवसात येत होत्या, ना उद्याच्या. कोड कोणाचा होता हे विचारू नका.

अप्रेझलमध्ये मी त्याला मधलं रेटिंग दिलं. टाइमशीटमध्ये त्या चार दिवसांना कोडच नव्हता. पाच-सहा महिन्यांनी लॉग बघताना मला दिसलं की तिमाहीच्या शेवटच्या रात्री काही लाखांचा एक व्यवहार नेमका त्या सेकंदात आला होता, आणि सुखरूप पार पडला होता. मी त्याला सांगायला गेलो, तोवर त्याने पेपर टाकले होते. सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "ठीक आहे सर." ठीक नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक खरखरीमागे धावता येत नाही, हे मान्य. बहुतेक वेळा ती कबुतरांची घाणच असते, आणि आधी तीच साफ करायला हवी. पण सगळं साफ केल्यावरही जी चूक सगळ्या दिशांनी सारखीच येते, किंवा नेहमी एकाच बाजूला झुकते, ती चूक नसते. ती काहीतरी सांगत असते. तिच्यामागे जायला लागणारे चार दिवस मात्र योगायोगाने मिळत नाहीत, ते कोणीतरी द्यावे लागतात. बेल लॅब्जकडे मक्तेदारी असलेल्या टेलिफोन कंपनीचा पैसा होता, म्हणून त्या दोघांना जवळजवळ वर्ष मिळालं. आपल्याकडे तेवढं नसेल, पण चार दिवस?

असो. हल्ली मी टीमच्या टाइमशीटमध्ये एक कोड उघडून ठेवला आहे, 'खरखर' नावाचा. मॅनेजरने अजून विचारलेलं नाही. विचारलं तर कबुतरांची गोष्ट सांगेन म्हणतो.