शिष्यवृत्तीचा अर्ज हेही चळवळीचं काम

शेतमजूर बाईची, परित्यक्तेची लेक पत्रकार व्हायचं म्हणते, तेव्हा पहिला प्रश्न फीचा येतो. शिष्यवृत्त्या नाहीत असं नाही. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा २.५ लाख रुपये. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या इतर मागासवर्गीय आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झालं. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून लागतो. आपला पत्रकारितेचा अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे प्रवेशाआधीच विचारावं.

खरी अडवणूक कागदांवर होते. नवरा नांदवत नाही, घटस्फोटही झालेला नाही, अशा बाईच्या लेकीला दाखल्यांसाठी ‘वडिलांना घेऊन ये’ म्हणतात. ज्याने पोसलं नाही, त्याच्या सहीवाचून तिचं शिक्षण अडावं? प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या आईचंच उत्पन्न धरा, ही मागणी आपण तहसील कचेरीत लावून धरली पाहिजे.

संघटनांनी एवढं तरी करावं: बारावीचा निकाल लागण्याआधीच दाखल्यांचे अर्ज भरून घ्यावेत, मुलीच्या स्वतःच्या नावाचं खातं आधारशी जोडून द्यावं, महाडीबीटीवर अर्ज भरताना शेजारी बसावं आणि दरवर्षी नूतनीकरणाची आठवण ठेवावी.

तानुबाई बिर्जे यांनी १९०६ साली ‘दीनबंधु’चं संपादन हाती घेतलं. आपल्या वस्तीची बातमी आपल्या लेकींनी लिहावी असं वाटत असेल, तर मोर्च्याइतकाच हा अर्जही महत्त्वाचा मानू या.