पॉवर फुल्ल, रेंज फुल्ल, नेट गुल

करमाळ्याला गेलो की भाचा "मामा, जरा नेट बघा की" म्हणतोच. या वेळी थेट त्याच्या अभ्यासिकेत नेलं. (नाव सांगत नाही.) छताला तीन महागडे अ‍ॅक्सेस पॉइंट, मोबाइलवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या, आणि स्पर्धा परीक्षेचा फॉर्म मात्र नुसता गोल गोल फिरतोय. शेवटच्या दिवशी!

सेटिंग उघडलं. तिन्हींचा चॅनेल 6, रुंदी 40, पॉवर फुल्ल. बसवणाऱ्याला फोन लावला तर म्हणे, "पॉवर वाढवली की रेंज वाढते, साहेब." अहो, वायफाय म्हणजे जत्रेतला भोंगा नव्हे, दोघांचं बोलणं आहे. डबा ओरडेल हो, पण मोबाइलचा बारीक आवाज त्याला ऐकू जायला नको? शिवाय एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11, तेही रुंदी 20 ठेवली तर. 5 गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा सरकारने 2018 मध्ये परवान्याविना खुला केला, तो इथे बंद! का, तर जुने मोबाइल चालत नाहीत म्हणून. दोन्ही एकदम चालू ठेवता येतात, हे कुणी सांगायचं?

गावात काय, चालतंय! याच वृत्तीचा मला संताप येतो. पैसे मात्र शहरातले घेतात.

चॅनेल वेगळे केले, रुंदी 20 केली, पॉवर उतरवली, 5 सुरू केला. वीस मिनिटं लागली. मालक म्हणाले, "एक काडी कमी दिसतीय की हो."

तोवर भाच्याचा फॉर्म गेला होता.