आम्हांला खरे ठाऊक होते

आमच्या कंपूत आम्ही पाचजण. तीन मुली, दोन मुलगे. मधला तास रिकामा मिळाला की कडुलिंबाखाली बसायचे, पाच डब्यांतल्या भाकरी एकत्र करायच्या आणि एकाच्या मोबाईलवर 'दिल दोस्ती दुनियादारी'चा एखादा भाग पाहायचा, हा आमचा नित्यनेम. मालिका तशी जुनी. २०१५ साली झी मराठीवर सुरू झाली आणि २०१६ मध्ये संपली. त्या वेळी आम्ही प्राथमिक शाळेत होतो. पण सुजय, कैवल्य, आशू, रेश्मा, मीनल आणि ॲना ही सहाजणे मुंबईतल्या एका घरात एकत्र राहतात, याचे आम्हां माणदेशी मुलांना अजूनही नवल वाटते. मुले-मुली एका छपराखाली, आणि गावात बोभाटा नाही!

अशा मालिकांना इंग्रजीत 'सिटकॉम' म्हणतात. अमेरिकेतली 'फ्रेंड्स' १९९४ पासून २००४ पर्यंत चालली, तिचेही भांडवल तेच. एकाने अर्धे ऐकायचे, दुसऱ्याने उरलेले मनाने भरायचे, तिसऱ्याने ते चौथ्याच्या कानी घालायचे, आणि भाग संपता संपता सगळा उलगडा होऊन सहाही जणांनी एकमेकांच्या पाठीत धपाटे घालायचे.

आपल्याला हे अमेरिकेकडून शिकावे लागले, असे मात्र कोणी समजू नये. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे नाटक १८९३ मध्ये लिहिले. तेच पुढे १९१६ साली 'संगीत संशयकल्लोळ' म्हणून रंगभूमीवर आले. मूळ कल्पना फ्रान्सच्या मोलियेरची, ती इंग्रजीतून मराठीत आली. पण देवलांनी तिला असे काही मराठी लुगडे नेसवले की ती परकी वाटतच नाही. रेवतीला रस्त्यात घेरी येते. फाल्गुनराव तिला सावरतात. नेमके तेवढेच कृत्तिकाबाई पाहतात. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकाबाईंना सापडते आणि त्या ती निरखीत असताना नेमके तेवढेच फाल्गुनराव पाहतात. झाले! पुढचे तीन तास प्रेक्षक पोट धरून हसतो.

तो का हसतो? माझे मत असे की, त्याला खरे ठाऊक असते म्हणून तो हसतो. रंगमंचावरचे सगळे अंधारात, आणि अंधारात बसलेल्या प्रेक्षकालाच तेवढे सगळे स्वच्छ दिसत असते. उठून "अहो फाल्गुनराव, तसे नाही हो!" असे ओरडण्याची त्याला गरज नसते. ते काम देवलांनी शेवटच्या अंकावर सोपवलेले असते.

आता आमच्या 'संशयकल्लोळा'विषयी सांगते.

गेल्या वर्षीची गोष्ट. परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. आळस आमचाच, आम्ही तो शेवटच्या दिवसावर ठेवलेला. अर्ज भरून होईतो आमच्यातल्या एका मैत्रिणीची संध्याकाळची एस.टी. निघून गेली. पुढच्या गाडीला रात्र झाली असती. कंपूतला एक मुलगा शेजारच्या गावचा. त्याने तिला मोटारसायकलवरून तिच्या गावच्या फाट्यापर्यंत सोडले. रस्ता उकरलेला, वर माणची धूळ. आम्ही सगळ्याच मुली बांधतो तसा तिने तोंडाला स्कार्फ बांधला होता. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या कोणी तरी तिला दप्तरावरून ओळखले. ती चालत घरी पोहोचायच्या आत बातमी घरी पोहोचली होती: तुमची पोरगी तोंड लपवून कुणाच्या तरी गाडीवर फिरते.

दुसऱ्या दिवशी तिचा एवढाच निरोप आला. सांगायला लाज वाटते, पण आम्ही हसलो. त्या मुलाला 'अश्विनशेठ' म्हणून चिडवले. धुळीचा स्कार्फ आणि त्यातून निघालेले प्रेमप्रकरण, हा मालिकेचा एक भाग सहज झाला असता. चार दिवसांत मिटेल असे वाटले. आठवडा गेला. तिचा फोन बंद. पंधरवडा गेला.

आणि या काळात आमच्यात दुसराच गैरसमज वाढत होता. मुलांना वाटले, मुली तिच्या घरी जाऊन आल्या असतील. आम्हां दोघींना वाटले, गाडी ज्याची त्याने आपल्या वडीलधाऱ्यांना पाठवून खुलासा केला असेल. त्याला वाटले, आपण गेलो तर संशय पक्काच होईल. मी तर, दुसरी मैत्रीण तिच्या गावाच्या जवळची, ती जाऊन आलीच असेल, असे धरून चालले होते. तीही माझ्याविषयी तसेच धरून चालली होती. पाचांतल्या चौघांना खरे ठाऊक होते आणि चौघेही प्रेक्षकासारखे खुर्चीत बसून शेवटच्या अंकाची वाट पाहत होते.

आणखी एक गोष्ट मला नंतर उमगली. देवलांच्या नाटकात संशय दोन्हीकडून सारखा असतो. फाल्गुनराव कृत्तिकेवर संशय घेतो, कृत्तिका फाल्गुनरावावर. म्हणून तराजू झुलत राहतो आणि हसू येते. आमच्या गोष्टीत एकच पारडे खाली गेले. त्या मुलाच्या घरी कोणी त्याला एका शब्दाने विचारले नाही. तो दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवरून कॉलेजला आला. तिचे कॉलेज मात्र बंद झाले. ज्या गैरसमजाची किंमत एकालाच मोजावी लागते, तो विनोद नव्हे. लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, आणि हसणाऱ्यांनीही.

महिन्याने आमच्या बाईंनी हजेरी घेताना विचारले, "ही कुठे असते अलीकडे?" तेव्हा कुठे आमची तोंडे उघडली. बाई आम्हां दोघींना घेऊन रविवारी तिच्या घरी गेल्या. तिच्या आईने चहा केला. दोन दिवसांपूर्वी पाहुणे मुलगी पाहून गेल्याचेही बोलता बोलता निघाले. मी अर्जाची, चुकलेल्या एस.टी.ची, धुळीची सगळी हकीकत सांगितली. सांगायला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. तिचे वडील ऐकून घेत होते. रागावले नाहीत. इतकेच म्हणाले,

"पोरींनो, मग तवाच का न्हाई सांगितलंसा?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. शहरातली ती सहा माणसे भांडली तरी रात्री एकाच घरी परततात. कोणी ना कोणी दार ठोठावतोच. आमच्याकडे संध्याकाळची गाडी आली की पाचजण पाच वाटांना जातात आणि गैरसमजाला रात्रभर मोकळे रान मिळते. म्हणून आपल्याकडच्या मैत्रीला निराळी सवय लावून घेतली पाहिजे. त्याच दिवशी विचारायचे, त्याच दिवशी सांगायचे, आणि दुसरा कोणी गेला असेल असे कधीच धरून चालायचे नाही.

ती परत आली. परीक्षाही दिली. पाहुण्यांना तिच्या वडिलांनी 'अजून शिकतेय' असा निरोप धाडला. कडुलिंबाखाली आम्ही पुन्हा पाचजण बसतो, मालिका पाहतो. गैरसमजाचा प्रसंग आला की आम्ही चौघे अजून हसतो, पण आधी तिच्याकडे पाहून घेतो. त्या तीस दिवसांत तुम्ही कुठे होतात, असे तिने आम्हांला अद्याप विचारलेले नाही.