आपण होऊन निघावें

एका स्नेह्यांनीं शेत गहाण ठेवून मुलास अमेरिकेस धाडलें. त्याच्या वास्तव्याची मुदत उलटून पांच महिने झाले. ‘हद्दपार होईपर्यंत त्यानें राहावें, कीं आपण होऊन निघावें?’ असें ते पुसतात.

तेथील कायदा असा : बेकायदा वास्तव्य १८० दिवसांहून अधिक झाल्यावर निघालें, तर पुनःप्रवेशास तीन वर्षें बंदी; एक वर्ष झाल्यास दहा. हद्दपारीच्या हुकुमानें येणारी बंदी निराळीच. ५ फेब्रुवारी २०२५ रोजीं लष्करी विमानानें अमृतसरास १०४ भारतीय आणले, ते हातापायांत बेड्या घालून. त्यांत तिघे महाराष्ट्रांतील होते.

१९४८ सालीं रझाकारांच्या भयानें आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील अनेक कुटुंबें बार्शीकडे गेलीं. त्यांचें निघणें म्हणजे घर सोडणें होतें; या मुलाचें निघणें म्हणजे घरीं येणें आहे. मग तो अडतो कशास? कर्जाच्या आणि आपल्या बोलण्याच्या धाकानें. म्हणून वडील मंडळींनीं आजच कळवावें, ‘कर्ज सारे मिळून फेडूं, तूं ये.’ अवधि महिनाभराचाच उरला आहे.